वाचक विचारतात : पेटीतल्या बाळाचे आईबाप

अपुऱ्या दिवसांचे किंवा गंभीर आजारी नवजात बाळ अतिदक्षता विभागात असताना आईवडिलांनी आणि घरच्यांनी काय करावे, याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि रुग्णालयांचे उल्लेख गाळले आहेत. उत्तरे नवजात शिशुतज्ज्ञ डॉक्टरांनी लिहिली आहेत. मात्र प्रत्येक बाळाची स्थिती वेगळी असल्याने उपचारांचा कोणताही निर्णय बाळाला रोज तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

प्रश्न : माझी मुलगी २९व्या आठवड्यात जन्मली. माझा रक्तदाब अचानक वाढल्यामुळे तातडीने सिझेरियन करावे लागले. जन्मतः तिचे वजन १,१०० ग्रॅम होते आणि आता ती एक आठवड्याची आहे. तिच्या नाकात श्वासाला आधार देणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे सीपॅपच्या नळ्या आहेत, हाताला सलाईन आहे आणि अंगावर तारा आहेत. मला सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ काचेतून पाहू देतात. बाकीचा दिवस मी बाहेरच्या बाकावर बसून काढते. दूध पिळले तर जेमतेम चमचाभर निघते, म्हणून पावडरचे दूध सुरू करायचे का, असे विचारत आहेत. तिचे सगळे सिस्टर करतात, मला करण्यासारखे काहीच उरलेले नाही. सातव्या महिन्यात मी एसटीने माहेरी गेले होते, त्यामुळेच हे झाले असेल, असे रात्रभर मनात येत राहते. मी नेमके काय करू?
— एक आई, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : एसटीच्या प्रवासाचे ओझे आधी मनावरून उतरवा. गरोदरपणात अशा तऱ्हेने वाढणाऱ्या रक्तदाबाचे मूळ वारेच्या जडणघडणीत असते आणि ती जडणघडण गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांतच झालेली असते. सातव्या महिन्यातल्या प्रवासाने, जिना चढल्याने, पपई खाल्ल्याने किंवा मनाला काही लागल्याने हा आजार होत नाही. बाळ लवकर जन्माला येण्याची इतर कारणेही, म्हणजे जंतुसंसर्ग, जुळे किंवा गर्भाशयाचे तोंड वेळेआधी उघडणे, आईच्या हातातली नसतात आणि पुष्कळदा तर कारण सापडतही नाही. हे मी तुमचे समाधान करण्यासाठी लिहीत नाही. आमच्या शास्त्राला जे माहीत आहे तेच लिहिते आहे.

‘मला करण्यासारखे काहीच उरलेले नाही’ हे तुमचे वाक्य मला फार खटकले. एखाद्या आईला तसे वाटावे अशी व्यवस्था ज्या विभागात असेल, तिथली व्यवस्था बदलली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. एवढ्या लहान बाळाला श्वासाचा आधार, सलाईनमधून पोषण आणि प्रतिजैविके लागतात आणि ते काम डॉक्टरांचे व सिस्टरांचेच आहे. तथापि आईचे दूध आणि आईच्या अंगाची ऊब हेही उपचारच आहेत आणि ते दुसरे कोणी देऊ शकत नाही.

दुधापासून सुरुवात करू. सिझेरियन, अपुरे दिवस आणि रक्तदाब या तिन्ही कारणांनी दूध उतरायला उशीर होतो, त्यामुळे चमचाभर दूध निघणे म्हणजे दूध नसणे नव्हे. तुमच्या मुलीच्या वजनाच्या बाळाला सुरुवातीच्या दिवसांत दर दोन तासांनी १ ते २ मिलिलिटर एवढेच दूध नळीने दिले जाते आणि ते तिचे पोट भरण्यापेक्षा आतड्यांना दुधाची सवय व्हावी म्हणून असते. तेव्हा तुम्ही ज्याला चमचाभर म्हणता, ते तिच्या एकेका वेळेच्या दुधापेक्षा जास्त असू शकते. दूध वाढवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ते वारंवार काढणे. चोवीस तासांत किमान ८ वेळा काढा आणि त्यांतली निदान एक वेळ मध्यरात्रीनंतरची असू द्या, कारण दूध तयार करणारे संप्रेरक रात्री अधिक स्रवते. आधी कोमट पाण्याच्या घडीने शेकून हलका मसाज करा, शक्य असेल तर बाळाच्या पेटीजवळ बसून काढा, आणि ते शक्य नसेल तर मोबाइलमधला तिचा फोटो समोर ठेवा. त्याने दूध खरोखरच अधिक सहज उतरते. पहिले पाच-सात दिवस हातून गेले म्हणून संधी गेली, असे मुळीच नाही.

मी एवढा आग्रह धरते, त्यामागे एक ठोस कारण आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आतड्यांना सूज येऊन ती काळवंडण्याचा एक भयंकर आजार असतो, ज्याला विभागात ‘नेक’ म्हणतात. आईच्या दुधावरच्या बाळांना तो पावडरच्या दुधावरच्या बाळांपेक्षा कमी होतो. तुमचे दूध अपुरे पडले, तर पावडरीच्या आधी दुसऱ्या मातांनी दान केलेल्या, पाश्चरीकरण केलेल्या दुधाची चौकशी करा. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ साली मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली आणि त्यानंतर राज्यातल्या इतर शहरांतही अशा पेढ्या झाल्या आहेत. तुमच्या जवळची पेढी कोणती, हे विभागातल्या डॉक्टरांना विचारा.

आता ऊब. बाळाला फक्त लंगोट आणि टोपी घालून, आईच्या उघड्या छातीवर उभे, बेडकासारखे हातपाय दुमडून ठेवायचे आणि वरून कापडाने बांधायचे, या पद्धतीला आपल्याकडे सर्रास ‘कांगारू’ म्हणतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडत होत्या म्हणून डॉक्टरांनी ती सुरू केली, आणि पुढे असे दिसून आले की पेट्या भरपूर असल्या तरी तिचा फायदा होतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेला आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास तर तुमच्या मुलीच्या वजनाच्या बाळांवरचाच आहे. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या देशांतल्या ५ रुग्णालयांमधली १,००० ते १,७९९ ग्रॅम वजनाची ३,२११ बाळे त्यात होती. भारतातले रुग्णालय होते दिल्लीचे सफदरजंग. स्थिती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ज्यांना कांगारू दिले गेले, त्यांच्यातले पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू इतरांपेक्षा २५ टक्क्यांनी कमी होते. त्यासाठी त्या रुग्णालयांनी आईची खाटच अतिदक्षता विभागाच्या आत आणली होती, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. संघटनेची आजची शिफारस दिवसाला ८ ते २४ तास कांगारू देण्याची आहे. सीपॅपवरच्या बाळालाही, त्याची स्थिती बरी असल्यास, सिस्टरांच्या मदतीने छातीवर घेता येते.

तुम्हाला आत घेत नसतील, तर विभागप्रमुखांना शांतपणे भेटा आणि सांगा, “मला हात धुण्याची पद्धत शिकवा, सिस्टर सांगतील तसेच मी वागेन, पण मला रोज बाळाजवळ बसू द्या आणि कांगारू कधी सुरू करता येईल ते सांगा.” केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ सालीच सरकारी नवजात कक्षांसाठी कुटुंबाच्या सहभागाची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत आणि आईवडिलांना आत घेऊन स्वच्छता, दूध पाजणे, कांगारू आणि धोक्याच्या खुणा शिकवाव्यात, असे त्यांत सांगितले आहे, खासगी रुग्णालयाने त्याहून कमी करण्याचे काही कारण नाही. संसर्गाची भीती खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय आईला बाहेर ठेवणे हा नाही. आत जाताना अंगठ्या, घड्याळ आणि बांगड्या काढून कोपरापर्यंत हात धुवावे लागतात. बाळंतिणीने हातातला चुडा उतरवायचा कसा, असा संकोच अनेकींना होतो. तो बाजूला ठेवा, कारण बांगड्यांच्या खाली साबण पोहोचत नाही.

छातीवर घेण्याइतकी स्थिती येईपर्यंत हाताने स्पर्श करा, मात्र कुरवाळू नका. इतक्या लहान बाळाला हलका, सरकता स्पर्श सोसत नाही. एक तळवा डोक्यावर आणि दुसरा दुमडलेल्या पायांवर ठेवून हात स्थिर धरला, म्हणजे ती शांत होते. हळू आवाजात तिच्याशी बोला. गर्भात असल्यापासून तो आवाज तिच्या कानावर पडत आलेला आहे. आणि रोज जवळ बसल्याने तुम्हाला तिची ओळख पटू लागेल. आज ती नेहमीपेक्षा मलूल आहे, पोट जरा फुगले आहे, हे यंत्रावर आकडे बदलण्याआधी आईच्या लक्षात आल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. असे काही वाटले तर ‘आपल्याला काय कळते’ म्हणून गप्प न बसता लगेच सिस्टरांना सांगा.

प्रश्न : माझी पत्नी सिझेरियननंतर पंढरपूरला दवाखान्यात आहे आणि आमच्या मुलाला श्वासाच्या त्रासामुळे पुण्याला हलवले आहे. तो ३२ आठवड्यांचा आहे आणि व्हेंटिलेटरवर आहे. काल डॉक्टर म्हणाले सुधारणा आहे, आज म्हणतात काही सांगता येत नाही. मॉनिटर वाजला की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. आमची शेती आहे, हातातले पैसे संपत आले आहेत आणि नातेवाईक म्हणतात की बाळाला दुसरीकडे हलव. पत्नीला काय आणि किती सांगावे, तेही कळत नाही.
— एक वडील, सोलापूर जिल्हा

उत्तर : काल एक आणि आज दुसरे सांगणारे डॉक्टर तुमची दिशाभूल करत असतील, असे समजू नका. ३२ आठवड्यांच्या बाळाच्या फुप्फुसांत ती फुगलेली ठेवणारा द्रव पुरेसा तयार झालेला नसतो, म्हणून तो नळीवाटे औषधरूपाने दिला जातो आणि काही तासांत सुधारणा दिसते. पण त्याच बाळाला दुसऱ्या दिवशी संसर्ग झाला, तर चित्र तितक्याच लवकर पालटते. पहिल्या काही दिवसांत प्रामाणिक डॉक्टर हमी देऊ शकत नाहीत. त्यांनी तुम्हाला समजेल असे सांगणे मात्र त्यांचे कर्तव्य आहे आणि तसे सांगितले जात नसेल, तर तुम्ही ते मागून घ्या. शक्यतो रोज ठरलेल्या वेळी, एकाच वरिष्ठ डॉक्टरांना भेटा. “बरे आहे का?” या प्रश्नाला “आहे तसेच आहे” याखेरीज उत्तर मिळत नाही. त्याऐवजी विचारा, की आज तुम्हाला सर्वांत जास्त काळजी कशाची वाटते, कालच्यापेक्षा ऑक्सिजन आणि यंत्राचा दाब कमी लागतो आहे की जास्त, दूध किती पचते आहे, मेंदूची सोनोग्राफी झाली का आणि तिच्यात काय दिसले. उत्तरे वहीत तारीख घालून लिहा. झोप नसलेल्या माणसाच्या लक्षात काही राहत नाही, आणि चार दिवसांची पाने उलटली की बाळ कोणत्या दिशेला चालले आहे ते तुमचे तुम्हालाच दिसते.

मॉनिटरकडे एकटक पाहत बसू नका. बाळाने पाय झटकला आणि पायाचा सेन्सर सरकला, तरी तो वाजतो. सिस्टर आधी बाळाकडे पाहतात, त्याचा रंग आणि छातीची हालचाल बघतात आणि मग आकड्याकडे. तुम्हीही तोच क्रम ठेवा. ऑक्सिजनवर असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळात रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा साधारण ९० ते ९५ च्या दरम्यान राखतात. तो १०० का नाही, म्हणून घाबरू नका, कारण जास्त ऑक्सिजन अशा बाळांच्या डोळ्यांना घातक ठरतो. पुढे यंत्र निघाल्यावरही काही वेळा बाळ श्वास घ्यायचे विसरते. मेंदूतले श्वासाचे केंद्र अजून कच्चे असल्याने तसे होते. त्यासाठी कॅफिन हे औषध देतात, तळपायाला टिचकी मारून जागे करतात, आणि दिवस भरत जातील तसे ते थांबते.

पत्नीला खरे सांगा. तिला काही कळू दिले नाही, तर ती जे मनात आणेल ते बहुधा वस्तुस्थितीहून वाईट असेल. रोज व्हिडिओ कॉल करा, परवानगी घेऊन बाळाचा फोटो पाठवा आणि तिला एक काम द्या, ते म्हणजे दूध काढण्याचे. स्वच्छ, उकळलेल्या बाटलीत काढलेले दूध, तारीख-वेळ लिहून, बर्फाच्या पेटीत घालून २४ तासांच्या आत पुण्याला पोहोचेल अशी व्यवस्था करता येते. गावाहून येणारे भाऊ, मेहुणे हे काम आनंदाने करतात. तिला प्रवासाची परवानगी मिळाली, की तिला बाळाजवळ आणण्याला इतर सर्व गोष्टींपेक्षा अग्रक्रम द्या. तोवर बाळाजवळचे पालक तुम्हीच आहात. वडिलांच्या छातीवरही कांगारू तितक्याच चांगल्या रीतीने देता येते, आणि डॉक्टरांनी सांगताच तुम्ही ते सुरू करावे. पुरुषमाणसाने विभागात सदऱ्याची बटणे काढून बसायचे, याची लाज वाटून घेऊ नका.

पैशांबाबत आजच चौकशी करा, बिल थकल्यावर नको. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नवजात बाळांच्या उपचारांचाही समावेश आहे. तुमचे रुग्णालय योजनेत असेल तर तिथे ‘आरोग्यमित्र’ बसतो, त्याला शिधापत्रिका आणि आधार दाखवा. रुग्णालय धर्मादाय न्यासाचे असेल, तर त्याला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा आणि उत्पन्नाचा दाखला मागवून ठेवा. सरकारी रुग्णालयांत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी बाळावरचे उपचार, औषधे, तपासण्या, रक्त आणि वाहतूक मोफत आहे. बाळाला हलवायचेच झाले, तर दोन्हीकडच्या डॉक्टरांचे आधी बोलणे होऊन, तिकडे खाट आणि व्हेंटिलेटर निश्चित झाल्यावर, बाळाला उबदार ठेवणाऱ्या आणि श्वासाची सोय असलेल्या रुग्णवाहिकेतूनच हलवा. नातेवाइकांच्या आग्रहाखातर खासगी गाडीत घालून व्हेंटिलेटरवरचे बाळ कदापि नेऊ नका.

प्रश्न : माझा नातू आठव्या महिन्यात झाला. सातव्यातले जगते, पण आठव्यातले जगत नाही, असे आम्ही ऐकत आलो, त्यामुळे मनात धास्ती आहे. त्याची पाचवी पुजायची राहिली आणि बाराव्या दिवशी बारसेही होणार नाही. घुटीचे एक बोट तरी चाटवू द्या म्हटले, तर सून रागावली. आम्ही म्हाताऱ्या माणसांनी काय करायचे?
— एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, आठव्या महिन्याविषयीची ती समजूत निखालस चुकीची आहे. गर्भात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फुप्फुसांना, मेंदूला आणि आतड्यांना बळ देतो, त्यामुळे आठव्या महिन्यातले बाळ सातव्यातल्या बाळापेक्षा नेहमीच अधिक तयारीचे असते. ही धास्ती मनातून काढा आणि कृपा करून सुनेच्या कानावर तर ती जाऊच देऊ नका.

पाचवीची पूजा घरी खुशाल करा, सटवाईपुढे दिवा लावा. त्यासाठी बाळ पाटावर असलेच पाहिजे असे नाही. नाव मात्र आताच ठेवावे, असा माझा आग्रह आहे. पेटीवर ‘अमुक यांचे बाळ’ अशी चिठ्ठी असण्यापेक्षा त्याच्या नावाने हाक मारली, की आईबापांनाही ते आपले वाटू लागते. बारशाचा थाट घरी आल्यावर करता येईल. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव ठरले नसेल तर ते नंतरही नोंदवता येते.

घुटीबाबत मी तुमच्या सुनेच्या बाजूची आहे. घुटी, मध, गुळाचे पाणी यांतले काहीही या बाळाच्या तोंडात जाता कामा नये. त्यातल्या जंतूंशी लढण्याची ताकद त्याच्यात अजून आलेली नाही. अंगारा, काळा दोरा, काजळ हेही विभागाबाहेरच राहू द्या. दृष्ट काढायची असेल तर ती घरी काढा.

तुमच्या हातात मोठे काम आहे ते सुनेचे. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे, भाज्या-डाळी वर्ज्य करायच्या, ही रीत दूध काढणाऱ्या आईला मारक आहे. तिला तहान लागेल तेवढे पाणी, दूध, डाळी, पालेभाज्या, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, जे रुचेल ते पोटभर द्या आणि डबा घेऊन स्वतः तिच्याजवळ बसा. सव्वा महिना तिने घराबाहेर पडू नये, ही रीत या वेळी बाजूला ठेवा, कारण तिचे बाळ घराबाहेर आहे. “वजन किती वाढले?” असे रोज विचारू नका, पहिल्या आठवड्यात अशा बाळांचे वजन घटतेच आणि जन्माच्या वजनावर यायला दहा-पंधरा दिवस लागतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोन तुम्ही घेतलेत आणि त्यांना उत्तरे दिलीत, तरी तिला केवढा तरी आधार होईल.

प्रश्न : आमची मुलगी अतिदक्षता विभागात असतानाच वारली. घरच्यांनी पत्नीला शेवटचे दर्शन घेऊ दिले नाही, तिला सहन होणार नाही म्हणून. मीही विरोध केला नाही. पत्नीला घरी आणण्याआधी बाळाचे कपडे, दुपटी सगळे कोणाला तरी देऊन टाकले. आता सगळे म्हणतात, विषय काढू नकोस, तरुण आहात, वर्षभरात दुसरे होईल. तिला दूध येते आहे आणि ती रडत असते. मला काय करावे सुचत नाही.
— एक वाचक, विदर्भ

उत्तर : तुमच्या घरी जे घडले ते प्रेमापोटी घडले, यात मला शंका नाही, पण विषय न काढण्याचा सल्ला मी तुम्हाला देणार नाही. तुमची मुलगी जन्मली होती आणि तिच्या आईने तिला महिनोन्महिने वाढवले होते. ती झालीच नाही, असे घरातले सगळे वागू लागले, तर आईने ते दुःख कोणाकडे घेऊन जायचे? आज रात्री तुम्हीच विषय काढा. तिला मुलीविषयी तुम्हाला माहीत आहे ते सर्व सांगा : तिचे केस कसे होते, तिने तुमचे बोट धरले होते का, शेवटी तिच्याजवळ कोण होते. मोबाइलमध्ये फोटो असतील तर पुसू नका आणि तिने मागितले तर दाखवा. नाव ठेवले असेल तर त्या नावाने बोला. कपडे ज्यांना दिले त्यांच्याकडून एखादे दुपटे परत मागायलाही संकोचू नका. ती मागणी कोणीही नाकारणार नाही. दर्शनाची गोष्ट आता बदलता येणार नाही, पण ‘मी तेव्हा बोलायला हवे होते’ हे तुम्ही तिला सांगू शकता, आणि सांगावे, असे मला वाटते.

दुधासाठी छाती घट्ट आवळून बांधू नका. दुखत असेल तेव्हा आराम पडण्यापुरतेच थोडे काढा, पूर्ण रिकामे करू नका. आधार देणारी पण न काचणारी अंतर्वस्त्रे आणि थंड पाण्याच्या घड्या यांनी काही दिवसांत दूध ओसरते. ताप आला, किंवा एखादा भाग लाल होऊन दुखू लागला, तर लगेच डॉक्टरांकडे जा. बाळ गमावलेल्या काही मातांना दुग्धपेढीला दूध द्यावेसे वाटते आणि त्यातून त्यांना बळ मिळते. तिला तसे वाटले तर चौकशी करा, पण तुम्ही होऊन सुचवण्याची घाई करू नका.

काही आठवड्यांनी दोघे मिळून त्या डॉक्टरांना भेटा आणि नेमके काय झाले ते विचारा. बाळाचे कागदपत्र मागण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि लेखी मागणी केल्यावर ते ७२ तासांत द्यावे लागतात. पुढच्या बाळंतपणाचा विचार त्या भेटीनंतर आणि तिच्या शरीर-मनाच्या सवडीने करा, नातेवाइकांनी ठरवलेल्या मुदतीने नव्हे. जेवण-झोप पूर्ण उडाली, जगण्यात अर्थ नाही असे ती बोलू लागली किंवा दोन आठवड्यांनंतरही ती दिवसचे दिवस उठत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे नेण्यात दिरंगाई करू नका. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते, आणि तो क्रमांक तुमच्यासाठीही आहे. तुम्हीही मुलगी गमावली आहे, आणि पत्रात त्याबद्दल एक अक्षर तुम्ही लिहिलेले नाही.

प्रश्न : जन्मतः १,३५० ग्रॅम असलेला आमचा मुलगा आता १,९०० ग्रॅमचा झाला आहे आणि दोन-तीन दिवसांत घरी सोडणार आहेत. इतके दिवस जे यंत्रांनी केले ते घरी आम्ही कसे करणार, याची भीती वाटते.
— आई आणि बाबा, ठाणे

उत्तर : ज्या बाळाला अजून यंत्राची गरज आहे, त्याला घरी सोडत नाहीत. तरीही सोडण्याआधी एक-दोन रात्री आईने बाळासह रुग्णालयातच राहून पाजणे, औषधे, आंघोळीऐवजी पुसून घेणे, हे सगळे सिस्टरांच्या देखत स्वतः करावे. घरी कांगारू चालूच ठेवा. बाळ स्वतः चुळबुळ करून बाहेर येऊ पाहील, तेव्हा ते थांबवायचे. भेटायला येणाऱ्यांना पहिले काही आठवडे दारातूनच निरोप द्या आणि सर्दी-खोकला असलेल्या माणसाला, मग तो कितीही जवळचा असो, बाळाजवळ येऊ देऊ नका. लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, पण मान धरणे, पालथे पडणे यांचा हिशेब दोन वर्षांचा होईपर्यंत प्रसूतीच्या मूळ अपेक्षित तारखेपासून करायचा, म्हणजे दोन महिने आधी जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे असताना चार महिन्यांच्या बाळासारखे असेल.

दूध ओढेनासे होणे, मिनिटाला ६० हून जास्त श्वास, बरगड्यांखाली खड्डा पडणे, अंग गार लागणे किंवा ताप, हालचाल मंदावणे, तळहात-तळपाय पिवळे दिसणे किंवा झटका येणे, यांपैकी एक जरी खूण दिसली, तरी सकाळ होण्याची वाट पाहू नका.

डोळ्यांच्या तपासणीविषयी मात्र मी जरा जास्तच बजावून सांगणार आहे, कारण घरी जाण्याच्या गडबडीत तीच राहून जाते. २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलावर अपायकारक रक्तवाहिन्या वाढू शकतात. बाहेरून डोळा अगदी निरोगी दिसतो आणि आईवडिलांना काहीही कळत नाही. वेळेत लेसर किंवा इंजेक्शनचा उपचार झाला तर दृष्टी वाचते, उशीर झाला तर कायमचे अंधत्व येते. पहिली तपासणी वयाच्या ३० दिवसांच्या आत व्हायला हवी, आणि २८ आठवड्यांआधीच्या किंवा १,२०० ग्रॅमहून लहान बाळांची त्याहूनही आधी, दोन ते तीन आठवड्यांत. तुमच्या मुलाची ती झाली आहे का, हे घरी सोडण्याच्या कागदावर पाहा. झाली असेल तर पुढची तारीख लिहून घ्या, कारण ‘आता यायची गरज नाही’ असे नेत्रतज्ज्ञ सांगेपर्यंत ती पुन्हा पुन्हा करावी लागते. कानांची तपासणीही त्याच कागदावर शोधा. दोन्हींपैकी काही राहिले असेल, तर सही करून बाहेर पडण्याआधी त्याची वेळ ठरवून घ्या, आणि ती तारीख सुट्टीच्या दिवशी येत असेल, तर पुढे न ढकलता आदल्या दिवसाची मागा.